बुडख्यापाशी

तळघरातल्या टाकीचे निळे दिवे रात्री दहाला मालवतात. तासाभरानं मी खाली उतरते. हातात लाल उजेडाचा टॉर्च आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिलेलं जुनं भिंग. टाकीतल्या बहुतेक जिवांना लाल उजेड फारसा कळत नाही, त्यामुळे त्यांचा रात्रीचा संसार न बिचकता चालू राहतो. दिवसा आखडून बसलेले प्रवाळांचे पॉलिप स्पर्शक पसरून बसलेले असतात, खडकाच्या सांदीतून कोळंबी बाहेर आलेली असते, काचेवर गोगलगाई शेवाळ खरवडत असतात. घराबाहेर न्यू जर्सीचा जानेवारी, अंगणात बर्फ. आत ३४० लिटर समुद्र, २५ अंशांवर.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री मला पहिला डाग दिसला. अ‍ॅक्रोपोरा जातीचं प्रवाळ, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचं. त्याच्या सर्वांत खालच्या फांदीवर फिकट, गोल ठिपके होते. चार-पाचच, पण एकाच मापाचे, जणू कोणी बारीक नळीनं टिंबं काढावीत तसे. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या उजेडात पाहिलं तर फांदीची निळाई विटली होती. भिंग डोळ्याला लावून मी अर्धा तास बसले. दिसलं काहीच नाही. ठिपके मात्र तिसऱ्या दिवशी वाढले होते.

मी मालवणजवळच्या गावची. लहानपणी समुद्र अंगणापलीकडे होता, म्हणून त्याच्याकडे लक्ष देऊन कधी पाहिलं नाही. लग्नानंतर इतक्या लांब आले आणि पाण्याखाली पहिल्यांदा डोकावले ते एका सुट्टीत माहेरी गेले असताना, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात. गढूळसर पाणी, त्यात पोराइट्स जातीच्या प्रवाळांचे गोलसर धोंडे, आणि त्यांच्या अंगावर मासळीनं ओरबाडल्याचे ओरखडे, कृमींनी पाडलेली भोकं, खेकड्यांची बिळं. इतके जण अंगावर पोसूनही तो धोंडा जिवंत होता, वाढत होता. ते दृश्य डोक्यातून गेलं नाही. परत आल्यावर वर्षभर वाचलं, मोजमापं शिकले आणि मग टाकी मांडली.

ही हौस मी भारतात करू शकले नसते आणि करूही नये. २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. ती काढणं, विकणं, घरी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असायला हवा. इथे माझ्याकडे असलेली प्रवाळं समुद्रातून ओरबाडून आणलेली नाहीत. टाक्यांत वाढलेल्या प्रवाळाची बोटाएवढी फांदी तोडायची, सिमेंटच्या छोट्या चकतीवर चिकटवायची आणि वाढवायची. इकडे तिला फ्रॅग म्हणतात. मी फोनवर आप्पांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे छाटकलम." तेव्हापासून आमच्या घरात त्याला कलमच म्हणतात.

कलमाबरोबर कीड येते. आंबा असो, गुलाब असो, प्रवाळ असो.

पहिली कीड आली ती एप्टेशिया. काचेसारखं अर्धपारदर्शक, तपकिरी, नखाएवढं समुद्रफूल. खडकाच्या कपारीत ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला ते गोजिरं वाटलं आणि मी ते राहू दिलं. महिन्या-दोन महिन्यांत त्याची डझनभर झाली आणि शेजारच्या प्रवाळांना दंश करू लागली. मग मी चाकू घेऊन ती खरवडून काढली. तीन आठवड्यांनी जिथे एक होतं तिथे सहा उभी होती. या जिवाच्या तळपायाचा कणभर तुकडा खडकाला चिकटून राहिला तरी त्यातून नवं समुद्रफूल उगवतं. मी रागानं चाकू चालवत होते आणि प्रत्यक्षात पेरणी करत होते.

त्यावर उपाय निघाला तो चुन्याचा. घट्ट कालवलेला चुना इंजेक्शनच्या पिचकारीत भरायचा, टाकीतले पंप बंद करायचे आणि तो समुद्रफुलाच्या तोंडावर हलकेच सोडायचा. समुद्रफूल तो अन्न समजून गिळतं आणि आतून जळतं. प्रवाळं पाळणारे लोक चुन्याच्या निवळीला तिच्या जर्मन नावानं, काल्कवासर म्हणून ओळखतात. प्रवाळांना सांगाड्यासाठी लागणारं कॅल्शियम पुरवायलाही तीच निवळी थेंबथेंब टाकीत सोडतात. आप्पांच्या पानाच्या डब्यात चुनाळं असायचं. त्यातला चुना आणि माझ्या पिचकारीतला चुना एकच पदार्थ आहे, हे कळल्यावर मला त्या परक्या विद्येत आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

चुना पोचत नव्हता अशा कपारींसाठी मी बर्घिया आणली. ही कवच नसलेली, पाठीवर झालर मिरवणारी इवली समुद्री गोगलगाय. ती एप्टेशियाखेरीज दुसरं काही खात नाही. तिनं तीन-चार महिन्यांत टाकी साफ केली, आणि साफ झाल्यावर तिच्यापुढे उपासमार उभी राहिली. तेव्हा मी त्या गोगलगाई बरणीत घालून याच छंदातल्या दुसऱ्या एका घरी पोचवल्या. एका घरचं विरजण दुसऱ्या घरी जावं तशा त्या आमच्या भागात अजून फिरत आहेत.

पुढे वाचताना एक गोष्ट कळली आणि या समुद्रफुलाबद्दलचा माझा राग ओसरला. प्रवाळांच्या पेशींत जी सूक्ष्म शैवालं राहतात आणि उजेडावर अन्न तयार करून आपल्या यजमानाला पोसतात, त्याच कुळातली शैवालं एप्टेशियाच्या अंगातही राहतात. पाणी तापलं की प्रवाळ ही शैवालं गमावतं आणि पांढरं पडतं. ते का आणि कसं घडतं, हे शोधण्यासाठी जगभरातल्या प्रयोगशाळा प्रवाळाऐवजी एप्टेशिया वाढवतात, कारण ते सहज आणि झपाट्यानं वाढतं. २०१५ मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. ज्या गुणांमुळे ते माझ्या टाकीत असह्य झालं, त्याच गुणांमुळे ते प्रवाळ वाचवू पाहणाऱ्यांच्या कामी येत आहे.

अ‍ॅक्रोपोरावरचे गोल डाग मात्र वेगळ्या शत्रूचे होते. प्रवाळ उचललं, टाकीतलंच पाणी एका पातेल्यात घेऊन त्यात औषधाचे थेंब घातले आणि प्रवाळ त्यात बुडवलं. रबरी पिचकारीनं फांद्यांवर पाण्याचे झोत मारले. पाच मिनिटांत पातेल्याच्या तळाशी काहीतरी गळून पडू लागलं. चपटे, लंबगोल, कागदासारखे पातळ कृमी. सर्वांत मोठा माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. भिंगातून पाहूनही ते मला दिसले नव्हते, कारण ते प्रवाळाचं मांस त्यातल्या शैवालांसकट खातात आणि त्याचाच रंग अंगावर घेतात. जे खायचं त्याच्याच रंगाचं होऊन त्याच्यावर बसायचं. एकूण सतरा कृमी पडले. मला वाटलं, सुटका झाली.

त्या रविवारी नेहमीप्रमाणे आप्पांना फोन केला. ऐंशी पार केलेले आप्पा अजून वाडीत फिरतात. मी उत्साहानं सतरा कृमींची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अंडी खंय घालता गो तो किडो?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्या प्रश्नामागे आमची वाडी होती. माडावर गेंड्या भुंगा येतो. तो शेंड्याच्या कोवळ्या सुईत भोक पाडून शिरतो, आणि पुढे ती झावळी उलगडली की कात्रीनं कापल्यासारखी दिसते. माडावर चढून आकड्याच्या तारेनं भुंगा ओढून काढणारे गडी मी लहानपणी पाहिले आहेत. आप्पाही गडी चढवत, पण तेवढ्यावर थांबत नसत. ते फावडं घेऊन शेणखताच्या खड्ड्याकडे जात. भुंग्याची मादी अंडी घालते ती कुजत्या खतात. खत उलथलं की पांढऱ्या, गुबगुबीत, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या वर येत आणि कोंबड्या धावून येत. माडावर दिसतो तो भुंगा, पण त्याचा संसार खतात असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं परदेशात राहून, इतकी मोजमापं शिकून, मी ते विसरले होते.

फोन ठेवला आणि प्रवाळ पुन्हा बाहेर काढलं. या वेळी फांद्या सोडून बुडखा पाहिला. जिथे प्रवाळाचं मांस संपतं आणि उघडा सांगाडा सुरू होतो, तिथे चकतीच्या कडेला तपकिरी ठिपक्यांचे पट्टे होते. एकेका पुंजक्यात वीस-पंचवीस कोष, दाटीवाटीनं, सिमेंटला घट्ट चिकटलेले. एका कोषात एकच नव्हे, अनेक पिल्लं असतात. औषधाचं पाणी या कोषांचं काही वाकडं करत नाही. मी सतरा मोठे कृमी काढले होते, पुढची शेकडो तशीच जागेवर होती.

मग खरं काम सुरू झालं. टाकीतली अकराच्या अकरा अ‍ॅक्रोपोरा प्रवाळं मी खडकावरून सोडवली. या कृमीला दुसरं कोणतंही अन्न चालत नाही, म्हणून मोठ्या टाकीत अ‍ॅक्रोपोराची एकही फांदी राहू द्यायची नव्हती. शेजारी चाळीस लिटरची साधी टाकी मांडली, एक हीटर, एक पंप आणि एक दिवा. प्रत्येक प्रवाळाचा बुडखा कातरला, जुन्या चकत्या टाकून दिल्या, जिथे कोष राहिले असतील असं वाटलं ती जागा दातकोरणीनं खरवडली. त्यानंतर दर रविवारी औषधाचं पातेलं. अंड्यातून निघालेलं पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी घालू लागेपर्यंत, पाण्याच्या उबेनुसार, पाच-सहा आठवडे जातात. त्या अवधीत जे जे बाहेर येईल ते अंडी घालण्याआधी पकडायचं, इतकाच त्याचा हिशेब. एक रविवार चुकला की सगळं पहिल्यापासून.

दुसऱ्या रविवारी नऊ कृमी पडले. तिसऱ्याला चार, सगळे बारीक. चौथ्याला एकही नाही. पाचव्याला दोन. चौथ्या रविवारी थांबले असते तर ते दोन पुन्हा वीस झाले असते. आठ रविवार मी हे केलं. औषध प्रवाळालाही सोसत नाही. तीन प्रवाळं या काळात गेली. त्यांतलं एक तळापासून शेंड्यापर्यंत दोन दिवसांत पांढरं झालं. ते मी माझ्या हातांनी वाढवलेलं होतं, पहिल्या वर्षी आणलेलं. मी ते फेकलं नाही. त्याचा सांगाडा आज टाकीजवळच्या फळीवर आहे.

याच दिवसांत मी त्या कृमीचा इतिहास शोधला आणि त्यातल्या दोन सालांनी मला विचारात पाडलं. शास्त्रज्ञांनी या कृमीचं वर्णन करून त्याला नाव दिलं ते २०११ मध्ये, आणि ते नमुने मत्स्यालयांतले होते. खऱ्या समुद्रात तो पहिल्यांदा सापडल्याची नोंद झाली त्यानंतर, २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझर्ड बेटापाशी. म्हणजे ज्या प्राण्यानं काचेच्या टाक्यांमधली प्रवाळं फस्त केली, तो स्वतःच्या घरी इतका विरळ, इतका गप्प राहत होता की तोवर कोणा शास्त्रज्ञानं त्याची तिथे नोंदही केली नव्हती.

समुद्रात त्याची अंडी खाणारं कोणीतरी असतं. पिल्लू बाहेर पडलं की प्रवाह त्याला दूर नेतो आणि पुढचं अ‍ॅक्रोपोरा वेळेत सापडलं नाही तर ते मरतं. फांद्यांमध्ये खेकडे वस्ती करून असतात. फांद्यांवरून दिवसभर मासे टिपत फिरतात. माझ्या टाकीत यातलं काहीच नव्हतं. प्रवाह होता, पण तो फिरून फिरून तिथेच येत होता. पिल्लाला पुढचं प्रवाळ शोधायला चार बोटांचं अंतर पोहावं लागत होतं. मी समुद्रातली एक सुंदर वस्तू घरात आणली होती आणि तिची राखण करणारा सगळा गाव मागे ठेवला होता. त्या गावाचं काम आता मला एकटीला करायचं होतं, पातेलं, पिचकारी आणि भिंग घेऊन.

कीड ही त्या प्राण्याची जात नाही. राखण करणारे हात काढून घेतल्यावर त्याचं जे होतं, त्याला दिलेलं ते नाव आहे.

हे पटल्यावर मला माझी जुनी चूकही दिसली. सुरुवातीच्या वर्षी खडकाखालून निघालेले काटेरी, लालसर कृमी मी चिमट्यानं धरून मारत असे. अंगावर केस, हाताला लागले तर कुसळं टोचतात, दिसायला ओंगळ. पुढे कळलं की त्यांतले बहुतेक बिचारे सडकं अन्न आणि मेलेलं मांस खाऊन टाकी साफ ठेवतात. प्रवाळ मरायला टेकलं की ते त्यावर जमतात, म्हणून गुन्हा त्यांच्या माथी लागतो. फांद्यांत राहणारे चिमुकले खेकडेही मी एकदा काढून टाकले होते. ट्रॅपेझिया जातीचे असे खेकडे समुद्रात आपल्या प्रवाळावर चालून आलेल्या काटेरी तारामाशाला नांगीनं चिमटे काढून परतवून लावतात. अनोळखी म्हणून मी राखणदारालाच हाकललं होतं. आता नवीन जीव दिसला की मी आधी तो काय खातो ते पाहते, मग चिमटा उचलते.

समुद्राचे हातही बांधले जातात, हे त्या काटेरी तारामाशावरून कळतं. ग्रेट बॅरियर रीफवर त्याच्या झुंडी येतात तेव्हा तो प्रवाळांची मैदानं खाऊन पांढरी करतो. त्याची एक मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडते. नद्यांतून वाहून येणारी खतं त्याच्या पिल्लांना पोसत असावीत आणि त्याला खाणारे प्राणी माणसानं कमी केले असावेत, अशी कारणं शास्त्रज्ञ मांडतात. त्यावर उपाय म्हणून तिथले पाणबुडे एकेका तारामाशाजवळ जाऊन त्याला बैलाच्या पित्तातले क्षार किंवा साधं व्हिनेगर टोचतात. महासागराच्या काठी, एकेकाला, हातानं. ते वाचताना मला माझं पातेलं आठवलं. घडी विस्कटायला वेळ लागत नाही, ती बसवायची तर असं एकेक करूनच बसवावी लागते, मग टाकी ३४० लिटरची असो की तिचं नाव महासागर असो.

म्हणूनच मालवणच्या समुद्राबद्दल मला जास्त काळजी वाटते. तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं. किनाऱ्यापासून दूर, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून अधिक आत, आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणाऱ्या त्या पठारावरही प्रवाळांची वस्ती आहे. तिथल्या प्रवाळावर कोणी पातेलं घेऊन बसलेलं नाही. तिथे राखण करतात ते मासे, खेकडे आणि प्रवाह. ते मासे आपण संपवले, बोटींचे नांगर त्या धोंड्यांवर टाकले, बुडी मारताना फांदी मोडून खिशात घातली, तर उद्या तिथेही कीड येईल आणि तिथे रविवार मोजायला कोणी नसेल. ज्याला प्रवाळ आवडतं त्यानं ते तिथे, पाण्यात पाहावं आणि रिकाम्या हातांनी वर यावं.

माझी उरलेली आठ प्रवाळं आता पुन्हा मोठ्या टाकीत आहेत. त्यांच्याबरोबर आता सहा रेघांचा एक छोटा रॅस मासा आणि चार कोळंब्या आहेत. मासा फांद्यांमधून दिवसभर टिपत फिरतो, कोळंब्या रात्री बुडख्यांपाशी चाचपतात. ही दोन्ही मंडळी या कृमीवर ताव मारतात, आणि त्यांच्या जातभाईंनी कृमी व त्याची अंडी खाल्ल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या प्रयोगांतही दिसलं आहे. मागे ठेवलेल्या गावातली दोन घरं मी परत आणली, इतकंच. उरलेलं काम अजून माझं आहे.

चाळीस लिटरची ती साधी टाकी मी मोडली नाही. नवं येणारं प्रत्येक कलम आधी तिच्यात उतरतं. गेल्या पावसाळ्यात आप्पा पहिल्यांदा इथे आले तेव्हा मोठ्या टाकीसमोर दोन मिनिटं उभे राहिले, मग खुर्ची ओढून या छोट्या टाकीपाशी बसले. खिशातून चष्मा काढला, एक कलम बाहेर घ्यायला सांगितलं आणि फांद्यांकडे न पाहता ते उलटं धरून त्याचा तळ पाहिला.

तुमच्यापैकी कोणी या छंदात असेल, जिथे तो कायद्यानं चालतो अशा देशात असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. नवं प्रवाळ आणलं की पहिल्या दिवशी त्याच्या रंगाकडे पाहू नका. ते उलटं करा, बुडखा भिंगाखाली धरा, जुनी चकती काढून टाका, आणि त्याला दोन महिने वेगळं ठेवा. चौथ्या आठवड्यात पातेल्यात काही पडलं नाही म्हणून थांबू नका. पाचव्यात पडतं.